ठणठणीत गुलाबाचं आजारपण

आमच्या पेणच्या गल्लीत एक गावठी गुलाब होता आणि तो फार नाजूक आहे, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.

आता त्या झाडाचा इतिहास सांगते. एका पावसाळ्यात त्याच्यावर जांभ्याची भिंत पडली. दगड उचलले तेव्हा झाड आडवं झालं होतं, पण एका फांदीला कळी होती. नगरपालिकेनं गटारासाठी चर खणला त्यात त्याची अर्धी मुळं तुटली. गणपतीच्या आधी घरं रंगवायला आलेल्या माणसानं उरलेला चुना त्याच्याच बुडाशी ओतला. कुणाची तरी गाय दर उन्हाळ्यात येऊन त्याचे शेंडे खायची, आणि झाड ती छाटणी समजून दुप्पट फुलायचं. पाणी म्हणाल तर न्हाणीचं, साबणासकट. खत, औषध, फवारणी असलं काही त्याच्या जन्मात कुणी केलं नाही. फुलं फिकट गुलाबी, सैल पाकळ्यांची, सकाळी उमलून दुपारी गळणारी, पण वास असा की गल्लीच्या तोंडाशी आलेल्या माणसाला आपण कुठे आलो ते कळावं.

हे झाड नर्सबाईंच्या अंगणात होतं. नर्सबाई आमच्या शेजारी. त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, आणि गल्लीतल्या निम्म्या पोरांना जन्मल्याबरोबर पहिली चापट मारून रडवलेलं त्यांनीच. जातीनं इस्रायल, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या, आमच्यासारखंच मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांतल्या. त्यांच्या घरी शनिवारी चूल पेटायची नाही, आणि बाकीच्या दिवशी नारळाच्या दुधातल्या माशांच्या कालवणाचा वास आमच्या स्वयंपाकघरात यायचा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाऊ, नणंदा, पुतणे एकेक करून इस्रायलला गेले. त्यांचा एकुलता एक मुलगाही विशीत असताना गेला तो तिकडचाच झाला. आसपासच्या गावांतली त्यांची माणसं इतकी कमी झाली होती की प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायचे तर दोन-तीन गावं धुंडाळावी लागत. नर्सबाई मात्र पेण सोडायला तयार नव्हत्या. विचारलं की म्हणायच्या, "जाईन गो. पन गुलाबाचं कोन बघल?"

मुलाचं पत्र यायचं, 'आई, आता इकडे ये.' नर्सबाई ते ओट्यावर बसून आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायच्या आणि मग झाडाकडे बघून सुस्कारा टाकायच्या. ऑक्टोबरात पत्र आलं तर छाटणी तोंडावर आलेली असे. थंडीत आलं तर झाड बहरात, आणि बहरातलं झाड टाकून कुणी जातं का? उन्हाळ्यात ते करपायची भीती, पावसाळ्यात मुळं कुजायची भीती. त्या झाडाचा वर्षभराचा कार्यक्रम एखाद्या मंत्र्याच्या दौऱ्यासारखा भरगच्च होता, आणि इस्रायलला जायला त्यात मोकळी तारीख कधी नसायचीच. छाटणी म्हणजे काय, तर त्या भाजी चिरायच्या सुरीनं दोन काटक्या कापत, आणि कापलेल्या टोकांना शेणाचे गोळे लावत. तेवढं झालं की चहा.

आम्ही मान डोलवायचो. "खरंच हो, नर्सबाई, तुमचा हात नसेल तर ते झाड चार दिवस टिकायचं नाही." असं म्हणण्यात प्रेम होतं, नाही असं नाही. पण नर्सबाई गेल्या असत्या तर गल्लीला इंजेक्शन कोण टोचणार होतं? सगळ्यांच्या घराच्या किल्ल्या कोण ठेवणार होतं? मी रोज सकाळच्या गाडीनं रोह्याला जायची, तिथे एका कंपनीच्या ऑफिसात होते. माझी मुलगी शाळेतून आली की संध्याकाळपर्यंत नर्सबाईंकडे असायची. माझ्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे तिच्यामागे धावणं जमत नव्हतं. तेव्हा झाड नाजूक आहे हे मला इतरांपेक्षा जरा जास्तच पटलेलं होतं.

सासूबाईंचा प्रश्न वेगळा होता. गल्लीतल्या देवांना पहाटे त्याच झाडाची फुलं वाहिली जायची. ती विचारून न्यायची पद्धत नव्हती. देवाचं फूल मागून आणलं तर त्यात मिळवलेलं ते काय, असं सासूबाईंचं मत होतं. त्या उजाडायच्या आत पदराखाली परडी घेऊन जात. नर्सबाई खिडकीत चहा पीत बसलेल्या असत, आणि सासूबाई झाडाजवळ आल्या की तोंड दुसरीकडे वळवत. ही चोरी इतकी वर्षं इतक्या शिस्तीत चालली होती की एकदा नर्सबाईंना ताप आला आणि त्या खिडकीत नव्हत्या, तर सासूबाई फुलं न घेताच परत आल्या. म्हणाल्या, "कोन बगत नाय तर चोरायला बरं वाटत नाय." नर्सबाईंच्या घरीही मलिदा, म्हणजे त्यांचा नवस फेडायचा विधी, व्हायचा तेव्हा गोड पोह्यांच्या ताटात वासाचं फूल लागायचं. मलिदा झाला की त्याच झाडाखालून ताट आमच्याकडे यायचं.

असं सगळं सुरळीत चाललं असताना एका वर्षी दिवाळीनंतर त्यांचा मुलगा स्वतःच आला.

चाळिशी ओलांडलेला, उन्हानं रापलेला, बाह्या दुमडलेला माणूस. तो गेला त्या वर्षी त्याचं मराठी जिथे थांबलं होतं तिथेच होतं. आमच्या तोंडून गेलेले शब्द त्याच्या तोंडी होते. माझ्या सासूबाईंना तो 'काकी' म्हणायचा आणि मला, आधी कधी पाहिलेलं नसताना, 'वहिनी'. भली मोठी बॅग आणली होती. गल्ली चॉकलेटांच्या आशेनं जमली. बॅग उघडली तर आतून काळ्या नळ्यांची वेटोळी निघाली.

झालं होतं असं, की हा तिकडे गुलाबाच्याच शेतीत कामाला होता. प्लॅस्टिकच्या मोठ्या मांडवाखाली गुलाब, युरोपात विमानानं जाणारे. आईच्या प्रत्येक पत्रात गुलाबाची अडचण वाचून वाचून त्यानं विचार केला, की अडचण गुलाबाची आहे ना, मग ती आपल्याच धंद्यातली आहे. मला त्याचं कौतुक वाटलं, आणि मुलीला संध्याकाळी कुठे ठेवायचं याचा हिशेबही मी मनात सुरू केला.

"आमच्याकडं गुलाब दांडीवर मोजतात," त्यानं सासूबाईंना समजावलं. "दांडी जेवढी लांब तेवढा भाव."

"नि वास?"

"वासाचं गिऱ्हाईक नाय, काकी."

"मग तिकडं देवाला काय दांडी वाहातात?"

त्यानं झाड तपासलं. पानं उलटून पाहिली, बुडाशी माती उकरली. त्याला कीड दिसेना, रोग दिसेना. नर्सबाई ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "वरून दिसत नाय. त्याला रोज हातानं पानी लागतं. एक दीस चुकलं की मान टाकतो."

"म्हनून तर ह्ये आनलंय," तो म्हणाला.

दोन दिवस तो अंगणात वाकून होता. नगरपालिकेचं पाणी यायचं तासभर, म्हणून चार विटांवर पिंप बसवलं. पिंपाला नळी, नळीला बारीक तोट्या, आणि मध्ये एक घड्याळासारखा डबा, जो सेलवर चालायचा आणि ठरल्या वेळी आपोआप पाणी सोडायचा. ज्या कोकणात चार महिने अंगणात होडी घालायची तेवढी बाकी राहते, तिथे त्यानं एका गावठी गुलाबाला ठिबक बसवलं. गल्ली रांगेनं बघून गेली. टप् टप् करत थेंब पडायला लागले तेव्हा नर्सबाई उठून जवळ आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सलाइन लावलंस व्हय रे झाडाला?"

"व्हय. आता तू नसलीस तरी त्याला पानी मिळनार. वहिनी पिंप भरतील. चल तू."

नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी सवयीनं मान डोलावली. सगळ्या गल्लीनं वर्षानुवर्षं डोकं लावून रचलेली अडचण त्या माणसानं मीटरभर नळीनं सोडवली होती. शेवटी तीन महिने 'बघून यायचं' ठरलं. बॅग भरताना नर्सबाईंनी मला पिंपाबद्दल एक शब्द सांगितला नाही. माझ्या मुलीचे केस मात्र त्यांनी दोनदा विंचरून दिले, आणि तिसऱ्यांदा वेणी सोडायला लागल्या तेव्हा ती रडायला लागली.

त्या गेल्या. मी रोज पिंप भरायला लागले.

फोन तेव्हा आमच्या गल्लीत कुणाकडे नव्हता. त्यामुळे मुलगा माझ्या रोह्याच्या ऑफिसात फोन करायचा, आठवड्यातून एकदा, गुरुवारी. परदेशातून फोन येतो म्हटल्यावर साहेबांनी मोठ्या मनानं परवानगी दिली, आणि स्वतःच्याच टेबलावरचा फोन असल्यामुळे समोर बसून सगळा ऐकला. लाइन खराब असायची म्हणून मला ओरडून बोलावं लागे. दोन गुरुवार झाल्यावर पाणी भरायला म्हणून आलेली माणसंही माठाशी घोटाळायला लागली.

पहिल्या काही फोनना सांगण्यासारखं नव्हतं. झाड होतं तसंच होतं. आणि मग, साधारण महिना झाला असेल, एक दिवस बघते तर खालची पानं पिवळी. पुढच्या आठवड्यात वरची. कळ्या धरत होत्या आणि टाचणीच्या डोक्याएवढ्या असतानाच गळत होत्या. बुडाशी चिखल झालेला, त्याला हिरवट शेवाळ. भिंत, चुना, गाय सगळं पचवलेल्या त्या झाडाची जन्मात पहिल्यांदा कुणीतरी नीट काळजी घेतली होती, आणि ती त्याला सोसली नाही.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! गाडीत नागोठण्याला कंपनीची शिफ्ट उतरली की बसायला जागा व्हायची. त्या गुरुवारी मी खिडकीशी बसून रोह्याआधीचं निडी स्टेशन येईपर्यंत आवाजाची तयारी करत होते. ऑफिसात फोन आला आणि मी दुःखानं भरलेल्या आवाजात ओरडले, "झाड पिवळं पडलंय! पार पिवळं!"

आमच्या अकाउंटंटनी पेन खाली ठेवलं.

पलीकडे फोन नर्सबाईंनी घेतला. "खालची पानं का वरची गो?"

"आधी खालची, आता वरची पण."

"कळी धरते?"

"धरते आणि गळते."

"अरे देवा," त्या म्हणाल्या, पण इतक्या आनंदानं 'अरे देवा' म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. मग आवाज एकदम खाली गेला. मुलगा बाजूला गेला असावा. "आयक. हितं समदे हिब्रू बोलतात गो. सून बी, नातवंडं बी. पोरगा कामावर ग्येला की मी खिडकीत बसते. कोनाला टोचायचं नाय, कोनाचं पोर सांबाळायचं नाय. दुकानात हातवारे करून कांदे मागते. काल चुकून मराठीत बोलले तर पोरं हसली. तशी गुनाची हायत. तुझी चिमुरडी जेवते का नीट?"

मी हो म्हटलं. रिसीव्हर ठेवला तेव्हा माझा चेहरा खरंच उतरला होता. साहेबांनी मला अर्ध्या दिवसाची रजा घ्यायला सांगितली.

गल्लीत बातमी पसरली. झाड मरायला टेकलंय म्हटल्यावर सगळ्यांना हुशारी आली. आता नर्सबाई येतीलच, मुलगा काय बोलणार? आम्ही पिंप काठोकाठ भरायला लागलो. शेजारचे एक जण तर संध्याकाळी वरून बादलीभर ओतून जायचे, खात्री असावी म्हणून.

पुढच्या गुरुवारी मुलगाच बोलला. आवाज दमलेला, पण चिडका नव्हता. "वहिनी, मी इचार केला. मेलं तर मरू द्या. झाड मेलं की आईचा जीव तरी मोकळा व्हईल. मंग मागं काय उरलं न्हाय."

मी तोंडघशी पडले. ही शक्यता गल्लीत कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. झाड मेलं म्हणावं तर त्यांना परत यायला कारण उरत नव्हतं, आणि झाड सुधारलं म्हणावं तर त्यांच्यावाचून भागतंय हे सिद्ध होत होतं. म्हणजे झाडानं मरायचंही नव्हतं आणि बरंही व्हायचं नव्हतं. नर्सबाईंना पेणला आणायचं तर ते कायमचं आजारी असायला हवं होतं.

"तसं अगदी मरणार नाही हो," मी ओरडले. "काल जरा तरतरी होती! आज परत मलूल झालंय!"

तिथून पुढे मी ते आजारपण चालवलं. कधी एक फांदी सुकायची, कधी दुसरीला फूट यायची, ती फूट लाल की हिरवी यावर साहेबांचं वेगळं मत असायचं. साहेबांच्या बंगल्यावर कुंड्यांत कलमी गुलाब होते, त्यांच्यावर माळी ठेवलेला. त्यांनी मला खत म्हणून कागदात बांधून हाडांचा चुरा दिला. मी तो भक्तिभावानं घरी आणला आणि पोटमाळ्यावर टाकला. अकाउंटंट रोज सकाळी मस्टरवर सही करतानाच विचारायचे, "आज कसं आहे?" मी 'काल रात्र बरी गेली' असं म्हणायची. नवीन लागलेल्या एका क्लार्कनं शेवटी अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, घरी कोण आजारी आहे?" त्याला काय सांगायचं या विचारात मी रडकुंडीला आले, आणि त्यानं गैरसमज करून घेऊन माझं टायपिंग करून दिलं.

या सगळ्या योजनेत एकच माणूस सामील नव्हतं, माझ्या सासूबाई. झाडानं फुलं द्यायचं बंद केल्यापासून आमचे देव बाजारातल्या झेंडूवर दिवस काढत होते. एका रविवारी मी अंगणात गेले तर सासूबाई झाडाशी वाकून नळ्या ओढत होत्या.

"आई, काय करताय?"

"झाडाला रोज आंघोळ घालता, त्याला पडसं व्हनार नाय तर काय?" त्यांनी काळं वेटोळं गोळा केलं आणि न्हाणीमागे फेकलं. "नर्सबाई येतील नाय तर नाय येतील. देवानं किती दीस थांबायचं?"

मी समजावलं, विनवलं, झाड बरं झालं तर काय अनर्थ होईल ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे तुमी त्या झाडाला मारता व्हय, नर्सबाईंच्या नावानं?"

नळी गेली, बादलीवाल्यांना सासूबाईंनी फाटकातूनच परतवलं, माती वाळली, आणि झाडानं काही दिवस विचार केला. मग फुटलं. प्रत्येक डोळ्यातून लालचुटूक फूट, आणि प्रत्येक फुटीला झुपक्यानं कळ्या. थंडी सरता सरता ते असं फुललं की फांद्या ओट्यावर टेकल्या. घाबरून मी पहाटे उठून सगळी फुलं खुडायला लागले, म्हणजे मुलाच्या ओळखीचं कुणी बघायला आलंच तर झाड मोकळं दिसेल. खुडल्यामुळे ते आणखी फुलायला लागलं. सासूबाईंचे देव फुलांत बुडाले. उरलेल्या पाकळ्यांत साखर घालून गल्लीतल्या बायकांनी गच्च्यांवर गुलकंदाच्या बरण्या उन्हात ठेवल्या. आणि मी गुरुवारी रोह्याला जाऊन ओरडत होते, "एकच पान राहिलंय! पण हिरवं आहे!"

मग फोन आला की दोघं येताहेत. नर्सबाईंनी हट्ट धरला होता, झाड एकदा डोळ्यांनी बघू दे. मुलानं कबूल केलं, पण अट घातली, की बघायचं आणि मग कायमचं काय ते ठरवायचं. झाड जगायचं असेल तर जगेल, नाहीतर घर विकून परत. तो मला म्हणाला, "वहिनी, तुम्ही लई केलंत झाडासाठी. आता तुम्हाला बी सोडवतो."

सोमवारी येणार म्हणाले होते. मी ठरवलं होतं की रविवारी रात्री झाड पूर्ण साफ करायचं. जमलं तर पानंही काढायची. पण विमान कुठलं तरी बदललं आणि ते रविवारी दुपारीच टॅक्सीतून गल्लीत उतरले.

रात्री करायचंच आहे म्हणून त्या पहाटे मी खुडलं नव्हतं, आणि दुपार असूनही सकाळची बरीच फुलं अजून गळायची होती. अंगणभर पाकळ्या. मधमाश्यांचा आवाज येत होता. मुलगा फाटकाशी बॅग हातात घेऊन थांबला. त्यानं झाडाकडे पाहिलं, पिंपाकडे पाहिलं, नळी जिथे असायला हवी होती त्या जागेकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. असा काही राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. आपल्याला कुणीतरी बरेच दिवस बनवत होतं आणि आपण ते मनापासून ऐकत होतो, हे कळलेल्या माणसाचा चेहरा होता.

"वहिनी," तो म्हणाला, "येकच पान व्हतं ना?"

मी तोंड उघडलं. सासूबाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी कीटकनाशकाबद्दल काहीतरी बोलायला सुरुवात केली. तेवढ्यात नर्सबाई टॅक्सीतून उतरून आल्या. तीन-चार महिन्यांत त्या वाळल्या होत्या. अंगात कुणाचा तरी जाड, ढगळ स्वेटर होता. त्यांनी झाडाला हात लावला नाही. त्या ओट्यावर बसल्या, चपला काढल्या आणि पाय जमिनीला टेकवले.

"तिला नको इचारू," त्या म्हणाल्या. "ती खोटं बोलली. मी बी खोटं बोलले. तू गेलास तवापासून बोलते. ह्या झाडाला माझं काय पडलेलं नाय. त्याच्यावर भिंत पडली तवा मी अलिबागला लग्नाला गेले व्हते."

"मंग?"

"मंग काय? मला यायचं नाय, बाळा."

मुलानं बॅग खाली ठेवली.

"तिकडं मी तुझी आई. बस, तेवढंच. तू घरात नसलास की मी कोनच नाय. हितं रस्त्यानं गेले तर चार मान्सं इचारतात, नर्सबाई, पोराला ताप हाय, येता का? मला जायचं असतं रे. मला कोनी तरी बोलवायला पायजे."

"मंग आधी का नाय बोललीस? मी येवढं पानी, येवढ्या नळ्या..." त्याचा आवाज चढला आणि मध्येच तुटला. "दर पत्रात मी इचारत व्हतो!"

"झाडाचं इचारत व्हतास. मी झाडाचं सांगितलं."

मग तो त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं अगदी लहान आवाजात विचारलं, "आई, तुला माझ्याकडं राहायला यायचंय का?"

"नाय," नर्सबाई म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांनी डोळे मिटून घेतले.

इतकी वर्षं आम्ही समजत होतो, की त्या झाड पुढे करतात ते स्वतःला राहता यावं म्हणून. त्या क्षणी मला त्यांच्या मुलाचा चेहरा दिसला आणि कळलं, की झाड त्यांनी त्याच्यासाठी पुढे केलं होतं. आई गुलाबामुळे येत नाही, असं तो तिकडे कुणालाही हसत सांगू शकत होता. आई माझ्याकडे यायला नको म्हणते, हे तो कुणाला सांगणार होता? आणि आम्ही शहाणी माणसं, त्या झाडाला बादल्या ओतत होतो.

"मंग मी?" तो म्हणाला. "मी काय करू?"

चाळिशीचा, घरदार असलेला माणूस, उकिडवा बसून आईला विचारत होता. नर्सबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्याकडे आता सांगायला कुठलंच कारण नव्हतं. गल्लीतल्या प्रत्येक दारात कुणी ना कुणी उभं होतं.

सासूबाईंनी माझा दंड धरला. "चल गो घरात," त्या हळूच म्हणाल्या. आम्ही आत आलो, आणि नर्सबाईंच्या अंगणाकडची खिडकी, जी मी लग्न होऊन आल्यापासून दिवसा कधी बंद पाहिली नव्हती, ती सासूबाईंनी ओढून घेतली आणि वरची कडीसुद्धा लावली.